सकारणारा

इंग्रजी भाषेंत ‘अॅक्सेप्टर’ म्हणून एक शब्द आहे. कोशांत त्याचा अर्थ एका ओळींत संपतो : स्वीकार करणारा. परंतु कायद्याच्या ग्रंथांत, पेढीच्या वहींत, रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आणि सरकारी दवाखान्याच्या नोंदवहींत हाच शब्द इतक्या निरनिराळ्या माणसांना व वस्तूंना लावलेला आढळतो कीं, स्वीकारणें ही क्रिया तरी एकच आहे किंवा नाहीं अशी शंका यावी. स्वीकारणारा म्हणजे ज्याच्या हातीं कांहीं आलें तो, कीं ज्याच्या अंगावर कांहीं पडलें तो? शब्द एकच, पण पहिला मनुष्य येणेकरी असतो आणि दुसरा देणेकरी. ह्या प्रश्नाचा उलगडा करण्यास लंडनच्या न्यायालयाइतकाच बीड जिल्हाही उपयोगी पडतो, हें ऐकून कांहीं श्रोत्यांना नवल वाटेल.

शब्दाचें मूळ लॅटिन. ‘अक्किपेरे’ म्हणजे समोरून आलेली वस्तु आपल्याकडे घेणें. त्यापासून ‘अक्केप्तोर’, घेणारा. लॅटिनमध्येंच ह्या शब्दाला एक गमतीचा अपघात झालेला आहे. ससाण्याच्या जातीच्या शिकारी पक्ष्याला त्या भाषेंत ‘अक्किपितेर’ म्हणत. बोलणाऱ्यांनीं त्याचा संबंध घेण्याशीं, झडप घालून उचलण्याशीं जोडला आणि त्या पक्ष्यालाही ‘अक्केप्तोर’ म्हणावयास आरंभ केला. इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत होऊन गेलेल्या लुकिलियस कवीच्या लेखनांत हें रूप सांपडतें, आणि स्पॅनिश भाषेंत ससाण्याला ‘अथोर’ म्हणतात तें ह्याच रूपापासून. म्हणजे स्वीकारणारा हा मुकाट्यानें ओंजळ पुढें करणाराच असतो असें नाहीं, हें रोमन लोकांच्या जिभेला ठाऊक होतें.

इंग्रजींतील ह्या शब्दाच्या जुन्यांत जुन्या उपयोगांपैकीं एक व्यापारांतला नव्हे, धर्मग्रंथांतला आहे. १४ व्या शतकाच्या अखेरीस विक्लिफच्या अनुयायांनीं बायबलाचें लॅटिनवरून इंग्रजींत भाषांतर केलें. ईश्वर माणसांचीं तोंडें पाहून न्याय करीत नाहीं, असा विचार त्यांत एके ठिकाणीं येतो. मूळ हिब्रू वाक्प्रचार तोंड वर उचलण्याचा आहे : दरबारांत पालथ्या पडलेल्या माणसाचें तोंड राजानें वर करावें, म्हणजे त्याच्यावर मर्जी झाली. ग्रीकमधून लॅटिनमध्यें येतां येतां हा तोंड उचलणारा ‘व्यक्तींचा स्वीकार करणारा’ झाला, आणि विक्लिफच्या मंडळींनीं तो शब्द जसाच्या तसा इंग्रजींत घेतला. तेव्हां त्या जागीं ‘अॅक्सेप्टर’ ह्याचा अर्थ सरळ सरळ पक्षपाती असा होता. १६११ च्या प्रसिद्ध भाषांतरांत तेथें दुसरा शब्द आला, आणि हा अर्थ हळूहळू अस्तास गेला.

शब्दाला खरें वजन आलें तें व्यापारामुळें. अंबाजोगाईच्या एखाद्या व्यापाऱ्यानें सोलापुरास कापूस पाठवला, अशी कल्पना करावी. पैसे तीन महिन्यांनीं मिळावयाचे; त्याला मात्र ते आजच हवे आहेत. शिवाय निजामाच्या राज्यांत हाली शिक्का चाले, सोलापुरास कलदार रुपया, आणि सात हालीला सुमारें सहा कलदार असा भाव. रोकड नेण्यांत वाटेचा धोका तो निराळाच. म्हणून तो सोलापूरच्या खरेदीदाराला एक चिठ्ठी लिहितो : अमुक मुदतीनें अमुक रक्कम अमक्या गृहस्थास द्यावी. ही चिठ्ठी म्हणजे हुंडी. परंतु चिठ्ठी लिहिणाऱ्यानें दुसऱ्याचें नांव घातलें एवढ्यानें तो दुसरा बांधला जात नाहीं. उद्यां कोणीही कोणाच्याही नांवें चिठ्ठी लिहील! सोलापूरच्या गृहस्थापुढें ती ठेवली आणि त्यानें तिच्यावर होकाराची सही केली, म्हणजे मात्र चित्र पालटतें. त्या क्षणापर्यंत तो केवळ ‘ज्याच्यावर हुंडी लिहिली तो’ होता. आतां तो ‘अॅक्सेप्टर’ झाला. मुदत भरल्यावर पैसे मोजण्याचें पहिलें आणि मुख्य दायित्व त्याचें. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टाच्या सातव्या कलमांत त्याची व्याख्या नेमकी हीच आहे.

हें दायित्व किती कडक असतें याचें उदाहरण १७६२ सालच्या एका इंग्लिश खटल्यांत आहे. प्राइस नांवाच्या गृहस्थावर चाळीस चाळीस पौंडांच्या दोन हुंड्या लिहिलेल्या होत्या. एकीचे पैसे त्यानें तसेच दिले. दुसरी रीतसर स्वीकारून मग दिले. पुढें उघडकीस आलें कीं, दोन्ही हुंड्यांवरील लिहिणाऱ्याची सही खोटी होती. खोटी सही करणाऱ्यास फांशीं झाली. प्राइसनें पैसे घेणाऱ्या नीलवर दावा लावला कीं माझे पैसे परत द्यावे. न्यायमूर्ति लॉर्ड मॅन्सफील्ड यांनीं तो दावा फेटाळला. ज्याच्या नांवें हुंडी आहे त्यानें लिहिणाऱ्याचें अक्षर ओळखावें, ही जबाबदारी त्याची; परक्या, निर्दोष माणसाला त्याची झळ कां लागावी? सहीचा ‘हो’ एकदां बाहेर पडला कीं तो परत घेतां येत नाहीं, हा दंडक त्या खटल्यापासून जगभरच्या पेढ्यांना पाठ झाला.

आतां एक चमत्कार पाहण्याजोगा आहे. १८७२ चा हिंदुस्थानचा करारांचा कायदा हा हुंडीच्या कायद्याहून नऊच वर्षांनीं वडील. त्यांत प्रस्ताव मांडणाऱ्याला वचन देणारा आणि प्रस्ताव स्वीकारणाऱ्याला वचन मिळालेला, अशीं नांवें दिलीं आहेत. म्हणजे तेथें स्वीकारणारा हा घेणाऱ्याच्या बाजूस उभा. हुंडीच्या कायद्यांत तोच देणाऱ्याच्या बाजूस. एकाच सरकारचे, एकाच दशकाच्या अंतरानें झालेले हे दोन कायदे. परंतु दोहोंतील स्वीकारणाऱ्यांचीं तोंडें परस्परविरुद्ध दिशांना आहेत. कायदेपंडितांना ह्यांत अडचण वाटत नाहीं, कारण ते कलमांवरून चालतात. शब्दांवरून चालणाऱ्याला मात्र थांबावें लागतें.

इंग्रजांनीं ह्या अडचणीवर वर्णलेखनाचा तोडगा काढला. साधारण स्वीकारणाऱ्याचा शब्द ‘इ-आर’ अशा अक्षरांनीं संपवावा आणि हुंडी स्वीकारणाऱ्याचा ‘ओ-आर’ अशांनीं, असा संकेत पडला. तो सर्वांनींच पाळला असें नाहीं. मराठीला मात्र हें काम अधिक सहजतेनें साधलें. मराठींत माणूस भेट स्वीकारतो, पद स्वीकारतो, मत स्वीकारतो. हुंडी मात्र तो सकारतो. गुजराती पेढ्यांवर तीच शिकारतात, आणि पारध ह्या अर्थाच्या फारशी ‘शिकार’ शब्दाशीं तिचा कांहींएक संबंध नसतांही लॅटिन ससाण्याची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. ‘सकार’ हें रूप ‘स्वीकार’ ह्याचें झिजून होऊं शकतें, तसें ‘सत्कार’ ह्याचेंही होऊं शकतें. आणि कोणतेंही मूळ धरलें तरी अर्थाला बाध येत नाहीं, कारण इंग्रजी पेढीवालाही हुंडी पटवण्याला तिचा मान राखणें असेंच म्हणतो. सकारण्याच्या समोर नाकारणें उभें आहेच. ज्याची हुंडी नाकारली गेली त्याची पत संध्याकाळपर्यंत बाजारांतून उठे.

देशी हुंडीचे नियम हा एक स्वतंत्र शास्त्राचा विषय आहे. हुंडींत रक्कम लिहून तिची निमपट लिहीत आणि ‘याची दुप्पट’ असें जोडीत, म्हणजे आंकड्यांत फेरफार करावयास वाव राहूं नये. दर्शनी हुंडी दाखवतांच पटवावयाची. मुदती हुंडी मुदतीनें. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारांतील प्रतिष्ठित शाहाखेरीज दुसऱ्यास मिळत नसत, म्हणजे चोराच्या हातीं लागली तरी ती निरुपयोगी. हुंडी गहाळ झाली तर पेठ लिहीत, तीही हरवली तर परपेठ. आणि पैसे चुकते होऊन परत आलेल्या हुंडीला खोका म्हणत; तो दप्तरांत जपून ठेवावयाचा, कारण सकारणारा मोकळा झाल्याचा तोच पुरावा. १८८१ च्या कायद्यानें देशी भाषांतील दस्तऐवजांच्या ह्या स्थानिक रूढींना हात लावला नाहीं. बीड तर निजामाच्या राज्यांत, ब्रिटिश कायद्याच्या बाहेरच होतें.

ह्या सर्वांत सुंदर सोय जिकरीची. हुंडी लिहिणारा कधीं कधीं त्याच गांवांतील एखाद्या स्नेह्याच्या नांवें वेगळी चिठ्ठी देई : ज्याच्यावर हुंडी आहे त्यानें ती न सकारल्यास आपण सकारावी. हीच जिकरी चिठ्ठी. इंग्रजी कायद्यांतही असा मनुष्य आहे. त्याला मानासाठीं स्वीकारणारा म्हणतात. त्याचें त्या देण्याशीं मूळचें कांहीं नातें नसतें. दुसऱ्याचें नांव बाजारांत बुडूं नये, एवढ्यासाठीं तो पुढें होतो आणि परक्याचें ओझें आपल्या सहीखालीं घेतो.

मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकल्या गेलेल्या संतकथा ह्याच माणसाच्या आहेत. जुनागडच्या नरसी मेहत्याची गोष्ट महिपतीच्या भक्तविजयामुळें महाराष्ट्रांत घरोघर गेली. चेष्टेखोरांनीं यात्रेकरूंना नरसीकडे धाडलें. त्या निष्कांचन भक्तानें द्वारकेच्या शामळशाहाच्या नांवें हुंडी लिहून दिली. द्वारकेंत त्या नांवाची पेढीच नव्हती. आणि तरी कोणी एक शेट पुढें आला आणि त्यानें ती हुंडी सकारली. भक्तीचा एवढा मोठा प्रसंग ज्या समाजानें पेढीच्या भाषेंत सांगितला, त्या समाजांत हुंडी सकारणें ह्या क्रियेला केवढी प्रतिष्ठा असली पाहिजे!

बीड जिल्ह्याची स्वतःची कथा याहून करुण आहे. अंबाजोगाईस ज्यांची समाधि आहे ते दासोपंत (१५५१–१६१५) हे मूळचे नारायणपेठच्या देशपांडे घराण्यांतले. वडील दिगंबरपंत बेदरच्या बादशाहीचे वसुली अधिकारी. परंपरा अशी सांगते कीं, एके वर्षीं सरकारी भरणा थकला आणि बादशहानें लहानग्या दासोपंतांनाच ओलीस ठेवून घेतलें. मुदतींत पैसे न आल्यास मुलाचें धर्मांतर व्हावयाचें होतें. मुदतीच्या शेवटच्या दिवशीं दत्ताजी पाडेवार असें नांव सांगणारा एक माणूस दरबारीं आला, थकलेली रक्कम त्यानें मोजून दिली, आणि मुलगा सुटला. तो दत्तात्रेयच होता अशी दासोपंतांची आणि त्यांच्या संप्रदायाची श्रद्धा. पुढें ह्याच दासोपंतांनीं गीतार्णवासारखा अवाढव्य ग्रंथ रचला आणि कागद सोडून कापडावर पासोडी लिहिली. ती पासोडी आजही अंबाजोगाईस आहे. कथेंतील एक बारकावा सहसा लक्षांत घेतला जात नाहीं. देव येथें सावकार होऊन येत नाहीं. पाडेवार, म्हणजे गांवकामगार होऊन येतो. ज्याला बाजारांत पत नाहीं असा माणूस दुसऱ्याचें देणें अंगावर घेतो, ही कल्पना नरसीच्या शामळशाहाच्याही पुढें गेलेली आहे.

विज्ञानानें हा शब्द उचलला तेव्हां त्यांतून दायित्वाचा अंश गाळून टाकला. १९२३ सालीं अमेरिकन रसायनज्ञ लुइस यांनीं, जो पदार्थ दुसऱ्याकडून इलेक्ट्रॉनांची जोडी घेतो तो आम्ल, अशी व्याख्या मांडली. तेव्हांपासून आम्ल हा ‘अॅक्सेप्टर’. सिलिकॉनमध्यें बोरॉनचा अंश मिसळला तर तोही ‘अॅक्सेप्टर’. ह्यांना मुदत नाहीं आणि सहीही नाहीं.

सरकारी आरोग्यखात्याचा ‘अॅक्सेप्टर’ मात्र इतका निरुपद्रवी राहिला नाहीं. १९५२ पासून भारतांत कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला आणि जो कोणी त्यांतील एखादा उपाय पत्करील त्याला इंग्रजी अहवालांत हें नांव मिळालें. मराठी कागदांत त्याला बहुधा लाभार्थी म्हणतात. पण १९७५ ते १९७७ ह्या आणीबाणीच्या काळांत उद्दिष्टांचे आंकडे वरून येऊं लागले आणि ते भरण्यासाठीं माणसें शोधलीं जाऊं लागलीं. महाराष्ट्र विधिमंडळानें १९७६ सालीं सक्तीच्या नसबंदीचें विधेयक मंजूर केलें. राष्ट्रपतींची संमति न मिळाल्यानें तें कायदा झालें नाहीं. सक्तीनें स्वीकार करविला तर त्या माणसाला स्वीकारणारा म्हणावें काय, हा प्रश्न व्याकरणाचा नव्हे. पण नोंदवहींत त्याचें उत्तर ‘हो’ असेंच लिहिलें जात होतें.

आणि आतां बीडच्या आजच्या शब्दाकडे वळलें पाहिजे. तो शब्द उचल. आष्टी, पाटोदा, शिरूर, केज, धारूर, वडवणी ह्या बालाघाटच्या माथ्यावरच्या आणि पायथ्याच्या भागांत पाऊस बेभरंवशाचा, जमीन हलकी. दसरा-दिवाळीच्या सुमारास तेथून लाखो माणसें पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे ऊंस तोडावयास जातात आणि उन्हाळा लागतां लागतां परततात. नवराबायको मिळून एक कोयता. मजुरी माणशी नव्हे, कोयत्याची आणि टनाची. निघण्यापूर्वीं, पुष्कळदां पावसाळ्यांतच, मुकादम ह्या जोडप्याला एकरकमी पैसे देतो. तीच उचल. तिच्यांतून मुलीचें लग्न होतें, दवाखान्याचें बिल भागतें, जुनें कर्ज फिटतें. बदल्यांत जोडप्यानें हंगामभर तोडणी करावयाची आणि मजुरींतून उचल वळती करून द्यावयाची. कधीं स्टँपकागदावर अंगठा असतो, कधीं नुसता तोंडी बोल.

‘उचल’ ह्या शब्दांत वर सांगितलेले दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. हातांत पैसे आले म्हणून तो घेणारा. आणि घेतल्या क्षणापासून बांधला गेला म्हणून तो हुंडी सकारणाऱ्यासारखा देणेकरी. परंतु हुंडी सकारणाऱ्याचा ‘हो’ हा पत असलेल्या माणसाचा होता. चिठ्ठी पुढें आली असतां तो अक्षर न्याहाळी, वही चाळी, आणि मन न मानल्यास नाकारी. नाकारण्याची सोय होती म्हणूनच सकारण्याला मोल होतें. ऑगस्ट महिन्यांत घरांत दाणा नसतांना मुकादमानें पुढें केलेली रक्कम नाकारण्याची सोय बालाघाटावरच्या किती घरांना आहे? शिवाय सकारणारा पैशानें बांधला जाई. उचल घेणारा देहानें बांधला जातो, आणि त्याच्याबरोबर त्याची बायको, जिला उचल घेतांना बहुधा कोणी विचारलेलेंही नसतें.

कायद्यानें हा भेद ओळखलेला आहे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलनाच्या कायद्यांत ‘आगाऊ रकमे’ची व्याख्या आरंभींच आहे. अशी रक्कम घेतल्यामुळें ज्याचें कोठेंही जाण्याचें वा काम निवडण्याचें स्वातंत्र्य गेलें, किंवा ज्याला किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबावें लागलें, तो वेठबिगार, आणि त्याचें तें कर्ज फेडण्याचें बंधनच नष्ट. १९८२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकाम-मजुरांच्या प्रकरणांत आणखी एक पाऊल टाकलें. सक्ति म्हणजे केवळ काठीची सक्ति नव्हे. भूक आणि दारिद्र्य यांनीं दुसरा मार्गच ठेवला नसेल तर तीही सक्ति, असें न्या. भगवती यांनीं ठरविलें. म्हणजे लॉर्ड मॅन्सफील्डच्या न्यायालयानें ज्या ‘हो’ला परत घेतां येणार नाहीं असें बजावलें होतें, त्या ‘हो’च्या पाठीमागें काय आहे हें पाहण्याचा अधिकार २२० वर्षांनीं दुसऱ्या एका न्यायालयानें आपल्याकडे घेतला.

निकालाचा कागद फडापर्यंत पोंचावयास वेळ लागतो. कामावर खाडा झाला तर दंड, ही रीत तेथें आहे. २०१९ सालीं राज्यानें नेमलेल्या समितीच्या चौकशींत, पाहणी झालेल्या बीड जिल्ह्यांतील सुमारें ८२,००० ऊंसतोड स्त्रियांपैकीं १३,००० हून अधिक जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. ज्या दुखण्यानें कामाचा दिवस बुडतो तें दुखणेंच काढून टाकावें, असा हिशेब ह्यांपैकीं कित्येक घरांत झालेला होता, आणि कर्करोगाची भीति घालणारे डॉक्टरही भेटले होते. शस्त्रक्रियेपूर्वीं संमतिपत्र असतें. त्यावर अंगठा कोणाचा आहे एवढें त्या कागदावरून कळतें.

हंगाम संपल्यावर मुकादमाच्या वहींत हिशेब होतो : एकंदर टनभार इतका, मजुरी इतकी, खाडे इतके, उचल वजा जातां बाकी इतकी. हुंडीचे पैसे मोजणाऱ्याच्या दप्तरांत खोका येत असे. उचल फेडणाऱ्याला असा कागद क्वचितच मिळतो, आणि वही मुकादमाकडेच राहते. बाकी निघाली तर ती पुढील सालच्या उचलींत धरतात, आणि पुढील सालची उचल आषाढ-श्रावणांत पुन्हां सुरू होते.